ताईची झोप

आई गेली आणि ताईला झोपेनं धरलं. दुःखात माणसाची झोप उडते म्हणतात, हिचं उलटंच झालं. वर्गात झोप, बसमध्ये झोप, दुधाच्या रांगेत उभ्याउभ्या झोप. एकदा तर दात घासताघासता बेसिनवर डोकं टेकून तिचा डोळा लागला. नळ चालूच, जाळी तुंबलेली, पाणी जिन्यापर्यंत गेलं. खालच्या मजल्यावरची बाई तावातावानं भांडायला वर आली. पण दार उघडणाऱ्या पोरीच्या हनुवटीवर पेस्टचा फेस आणि गालावर नळाचा वळ बघून तिचा राग जागच्या जागी विरला. "जा बाळा, तोंड धुऊन घे आधी," एवढंच म्हणून ती परत गेली.

ताई पंधरा वर्षांची. धाकटी झाल्यापासून सगळ्या घरानं तिला ताईच म्हणायला सुरुवात केली होती, आई-बाबांनीसुद्धा. धाकटी सात वर्षांची. तिला सगळे ठकी म्हणत, कारण बोलण्यात ती भल्याभल्यांना ठकवायची. बाबांचं तळमजल्यावर सलून होतं. दोन खुर्च्या, समोर लांब आरसा, कोपऱ्यात सतत चालू असलेला रेडिओ. आई एका मोठ्या लाँड्रीत कामाला होती. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी तिथं धुवायला यायच्या, आणि गरम रोलरखालून निघालेली प्रत्येक चादरीची दोन बायकांनी चार टोकं धरून घडी करायची. आईचं ते काम.

मग आईची मूत्रपिंडं कामातून गेली. वर्षभराहून जास्त ती अंथरुणावर होती. त्या काळात ताई बरंच काही शिकली. माणूस झोपलेलं असताना त्याच्या अंगाखालची चादर कशी बदलायची ते शिकली. सुजलेल्या पायावर बोट दाबलं की खड्डा किती वेळ राहतो ते बघायला शिकली. आणि पाणी मोजायला शिकली. डॉक्टरांनी आईला दिवसाला ठरावीकच पाणी सांगितलं होतं. सकाळी ताई एका बाटलीत ते भरून ठेवी आणि आईला दिवसभर घोटाघोटानं पुरवायचं तिचं काम.

"ताई, अगं घोटभर दे की."

"संपलं आई आजचं."

"जीभ तरी ओली कर."

ताई कापूस भिजवून ओठांवर फिरवायची आणि दुसरीकडे बघायची. रात्री आई हाक मारी. बाबा दिवसभर उभं राहून पाय सुजवून यायचे, ते ओंडक्यासारखे पडलेले असायचे. म्हणून उठायची ताई. हळूहळू तिचा एक कान रात्री झोपेनासाच झाला.

आई गेली सकाळी. घर माणसांनी भरलं. आत्या गावाहून आली, तिनं ताईला छातीशी धरलं आणि म्हणाली, "रड गं, रडून घे." ताई रडली नाही. दुपारी, घरात एवढी माणसं असताना, ती कपड्यांच्या ढिगावर आडवी झाली आणि संध्याकाळपर्यंत मेल्यासारखी झोपली. "धक्का बसलाय पोरीला," बायका कुजबुजल्या. धक्का नव्हता. आईचा हात गार झाल्याचं कळलं तेव्हा ताईच्या मनात पहिली गोष्ट काय आली होती, ते तिचं तिलाच ठाऊक होतं, आणि ते ती जिभेवर येऊ देणार नव्हती.

आत्या थोडे दिवस राहिली. जाताना दारात म्हणाली, "ताई आहे म्हणून मला काळजी नाही. किती समजूतदार पोर!" हे 'समजूतदार' ऐकून ऐकून ताईचे कान किटले होते. शेजारीण म्हणे समजूतदार, वर्गशिक्षिका म्हणत समजूतदार. समजूतदार माणसाला कुणी विचारत नाही की बाई, तू जेवलीस का. ताई सकाळी उठून भात टाकायची, ठकीची वेणी घालायची, ठकीनं रात्री ओली केलेली गादी उन्हात टाकायची. हो, ठकी परत गादी ओली करायला लागली होती. त्यावर दोघी बोलत नसत.

ठकीचं दुःख वेगळ्याच वाटेनं निघालं होतं. ती शाळेतून आली की सलूनमध्ये बाकावर पाय हलवत बसायची, आणि खुर्चीत बसलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायची,

"काका, तुमची आई मेली का?"

पहिल्यांदा बाबांच्या हातातला वस्तरा थबकला. "ठके, वर जा!" पण गालाला साबण लावलेला माणूस पळून जाऊ शकत नाही, आणि विचारणारी मुलगी सात वर्षांची. माणसं उत्तर द्यायची.

"मेली गं. झाली बरीच वर्षं."

"तेव्हा तुम्ही केवढे होता?"

"मी? पन्नाशीचा असेन."

"मग तर तुम्ही म्हातारेच होता," ठकी म्हणायची. "रडलात?"

एक पेन्शनर आजोबा तिच्या या चौकशीनं आरशात स्वतःकडे बघत राहिले आणि म्हणाले, "तेव्हा नाही रडलो. आता अधूनमधून रडतो." बाबांनी त्यांच्या तोंडावर गरम टॉवेल जरा जास्तच वेळ ठेवला. एक दिवस फळवाला आला. त्यानं सांगितलं की तो जन्मला त्याच दिवशी त्याची आई गेली. ठकीचे पाय हलायचे थांबले. संध्याकाळी ती ताईला म्हणाली, "ताई, त्याच्यापेक्षा माझं बरं आहे. मला सात वर्षं तरी मिळाली."

ताई कांदा चिरत होती. "हं," ती म्हणाली. तिला एवढाच विचार आला की हिचं बोलणं संपलं की मी पाच मिनिटं पडेन.

बाबांचं म्हणाल तर खाली रेडिओ आणि वर कुलूप. सलूनमध्ये ते गिऱ्हाइकांशी क्रिकेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सगळं बोलायचे. वर आले की ताटात बघून जेवायचे. शेवटचं गिऱ्हाईक गेलं तरी ते खालीच रेंगाळत. झाडलेलीच फरशी पुन्हा झाडत, धुतलेलेच कंगवे पुन्हा धूत. घर त्यांना खायला उठत होतं. पण जे सोडून ते खाली बसायचे, ते घर ताईच्या अंगावर पडत होतं.

एके दिवशी सकाळी ठकीनं बूट घालताघालता विचारलं, "ताई, आईच्या कामावर कुणी सांगितलंय का?"

"काय?"

"ती येणार नाही म्हणून. त्या वाट बघत असतील ना. घडी घालायला दोघी लागतात."

"हो हो, सांगितलंय. बंद लाव बुटाचे, उशीर होतोय."

दुपारी ठकीची शाळा आधी सुटायची. ताईची शाळा दोन गल्ल्या पलीकडे. सुटली की ताई तिला फाटकावरून घेऊन घरी यायची. त्या दिवशी शेवटचा तास इतिहासाचा होता. ताईनं बाकावर डोकं टेकलं. बाईंनी पाहिलं आणि हळूच मुलींना खूण केली, झोपू दे बिचारीला. घंटा झाली, वर्ग रिकामा झाला, तरी कुणी तिला उठवलं नाही. झाडूवाल्या मावशींनी बाक सरकवला तेव्हा ती दचकून उठली. बाहेर उन्हं कलली होती.

ठकीच्या शाळेचं फाटक बंद होतं. वॉचमन म्हणाला, "ती केव्हाच गेली की. बाबा कोपऱ्यावर उभे आहेत म्हणाली." कोपऱ्यावर बाबा नव्हते.  ताई पळत सलूनमध्ये आली तेव्हा खुर्चीत गल्लीतला इलेक्ट्रिशियन होता, एक गाल साफ, दुसऱ्यावर साबण.

"बाबा, ठकी आली का?"

बाबांनी वस्तरा खाली ठेवला आणि तसेच बाहेर पडले. त्यांच्यामागून इलेक्ट्रिशियनही, गळ्यात टॉवेल, अर्ध्या तोंडाला फेस. "मी बाजाराकडून बघतो," म्हणत तो पळाला. रस्त्यावरची माणसं त्याच्याकडे बघून हसत होती आणि तो प्रत्येकाला हाताची उंची दाखवून विचारत होता, "एवढी मुलगी, दोन वेण्या, पाहिलीत?"

बाग झाली, दुकानं झाली, मैत्रिणीचं घर झालं. धावताधावता ताईला सकाळचं बोलणं आठवलं.

"बाबा," ती थांबून म्हणाली, "लाँड्री."

लाँड्रीत वाफेनं नीट दिसत नव्हतं आणि मशीनच्या घरघरीत ऐकू येत नव्हतं. घडी घालायच्या लांब टेबलाच्या टोकाशी, स्टुलावर, ठकी उभी होती. तिच्या हातात चादरीची दोन टोकं, समोर आईची जोडीदारीण. वर्षानुवर्षं आईच्या समोर उभी राहिलेली हीच ती बाई. चादर एका बाजूनं जमिनीला लागत होती.

"आली तुझी माणसं," ती बाई ठकीला म्हणाली. मग बाबांच्या कानाशी येऊन तिनं सांगितलं, "रागावू नका. आली आणि म्हणाली, आई मेली, ती आता येणार नाही, तुम्ही वाट बघू नका. मी म्हटलं, बरं झालं सांगितलंस. मग म्हणाली, आजच्या दिवस मी घडी घालते. तुमच्या सलूनला फोन लावत होते मी मघापासून, कुणी उचलेना."

बाबांनी ठकीला उचलून घेतलं. ती एवढी मोठी झाल्यापासून त्यांनी तिला उचललं नव्हतं. तिला घेऊन ते बाहेर फाटकापाशी आले. तिथं त्यांचा बांध फुटला, आणि फुटला तो ताईवर.

"एक काम! एक काम सांगितलं होतं तुला! कुठं होतीस तू?"

"झोपले होते."

"झोपली होतीस? शाळेत? घरी झोप, शाळेत झोप, काय चाललंय काय तुझं?"

"मला झोप येते!" ताई ओरडली. तिचा आवाज एवढा मोठा आहे हे तिलाही माहीत नव्हतं. "मी काय करू? मला झोप येते! आई होती तेव्हापासून येते! ती गेली ना, तेव्हा मला पहिलं काय वाटलं माहितीये? आता रात्री कुणी हाक मारणार नाही, आता झोपायला मिळेल. हे वाटलं मला! पाणी मागायची तर मी द्यायची नाही, आणि ती गेली तर मला झोप आठवली. आणि तुम्ही सगळे म्हणता समजूतदार!"

इलेक्ट्रिशियन तेवढ्यात बाजारातून विचारत विचारत, धापा टाकत पोचला होता. त्यानं ठकीला पाहिलं, सुस्कारा टाकला, मग बापलेकींकडे पाहिलं. "मास्तर, मी दुकानात जाऊन बसतो," तो बाबांना म्हणाला. "उरलेली दाढी सावकाश करा, घाई नाही." आणि सटकला.

बाबा फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसले. ठकी त्यांच्या मांडीवर, अंगाला गरम कपड्यांचा वास. ते तिच्या बुटाचे बंद सोडून पुन्हा बांधत बसले. सलूनमध्ये ज्यांची जीभ कात्रीसारखी चालायची ते हे.

"इकडे बस," ते शेवटी म्हणाले.

ताई बसली, थोडं अंतर ठेवून.

"रात्री ती हाक मारायची ना," बाबा म्हणाले, "ती मला ऐकू यायची."

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं.

"दर वेळी नाही. पण पुष्कळदा यायची. मी डोळे मिटून पडून राहायचो. म्हणायचो, ताई उठेल. आणि तू उठायचीस." त्यांनी नाक पुसलं. "ती गेली तेव्हा मलाही तेच वाटलं. सुटली, असं मी लोकांना म्हणालो. मनात म्हणालो, सुटलो. तू झोपेचा विचार केलास म्हणून काय झालं? तू झोपलीच कुठं होतीस वर्षभर?"

"मी पाणी द्यायची नाही, बाबा."

"डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिला नाही म्हणायचं काम माझं होतं, तुझं नव्हतं. मी ते तुझ्या गळ्यात घातलं."

"मी एकदा दिलं होतं," ठकी मध्येच म्हणाली. "माझ्या शाळेच्या बाटलीतलं. आईनं सांगितलं, ताईला सांगू नको."

 ताईला हसू फुटलं आणि त्या हसण्याचंच रडणं झालं. ती रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, नाक वाहेपर्यंत रडली. बाबांनी तिला गप्प केलं नाही. ठकीनं तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं आणि म्हणाली, "मला भूक लागलीये."

घरी आल्यावर ताई सवयीनं ओट्याकडे वळली. बाबांनी तिचा खांदा धरून तिला खोलीत नेलं, पडदा ओढला, दार लावून घेतलं. बाहेर भांडी पडल्याचा आवाज आला, मग भात करपल्याचा वास आला, मग ठकीचं "बाबा, पाणी जास्त झालं", "बाबा, आता कमी झालं". ताईचे पाय उठायला सरसावले. ती उठली नाही.

त्यानंतर सगळं काही सुरळीत झालं असं नाही. बाबांनी दुपारी सलून बंद ठेवायला सुरुवात केली, ठकीला आणायला ते जाऊ लागले. दोनचार गिऱ्हाइकं तुटली. ठकीची गादी अजून अधूनमधून ओली होई, आता ती बाबा उन्हात टाकत. ताई त्या वर्षी गणितात नापास झाली. कधी ती विनाकारण चिडायची, ठकीच्या अंगावर खेकसायची, मग दोघी रुसून बसायच्या. थकवा हाडात मुरला होता, तो एका दिवसात निघणारा नव्हता.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी आत्याचा फोन आला. बाबांनी घेतला.

"सगळं ठीक? ताई कुठं आहे? दे तिला."

"झोपलीये."

"यावेळी? अरे, कधीपासून?"

"सकाळी उठली, जेवली, पुन्हा झोपली."

"उठव की जरा. मला बोलायचंय तिच्याशी."

बाबांनी खोलीकडे पाहिलं. दार अर्धवट उघडं होतं. पंखा फिरत होता, आणि ताई तोंड उघडं टाकून, पाय पसरून, लहान मुलासारखी पडली होती.

"नाही," बाबा म्हणाले. "उठली की करेल ती फोन."