उरलकाठची विशाखाताई

विशाखाताईचा आवाज मागून यायचा, आधी यायचा तिच्याकडचा वारा. फोनमध्ये प्रथम हिमकण वाहून आणणारा तो घोंघावता नाद उमटे. मग लोकरी टोपीखालचे तिचे दोन निश्चल डोळे दिसत. माझी ही थोरली बहीण कझाकस्तानातल्या अतिराऊ शहरात, तेलाच्या प्रकल्पावर इंजिनियर होती. उरल नदी त्या शहराच्या मधून वाहते. एक काठ आशियाचा, दुसरा युरोपचा. ताईची खोली एका खंडात, ऑफिस दुसऱ्यात. रोज संध्याकाळी पूल ओलांडताना ती आम्हाला फोन करायची.

आम्हाला म्हणजे मला आणि तिच्या मुलीला, मैत्रीला. नवरा गेल्यावर ताईने दोन वर्षांच्या मैत्रीला मस्कतमध्ये, अल खौदच्या आमच्या घरी ठेवलं आणि ती नोकरी धरली. मला मूल नव्हतं. सुट्टीवर आली की धुळीने मऊ झालेल्या पिवळसर उन्हात ती बाल्कनीत बसून राही. हात मांडीवर असे ठेवलेले, जणू कुणी ते तिच्याकडे सांभाळायला दिले आहेत. ती परत गेली की मैत्री रडायची, आणि मी तिला लगेच सीबच्या समुद्रावर न्यायचे. हळूहळू ती रडेनाशी झाली. मला ते यश वाटलं.

पाच वर्षांनी ताईला पुण्यात काम मिळालं. ती मैत्रीला न्यायला आली, त्या दुपारी मैत्रीने मला इंग्रजीतच विचारलं, ही किती दिवस राहणार आहे? ताईने ते ऐकलं. बॅगेत फ्रॉक रचणारे तिचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू लागले.

मग तिने विचारलं, "माझ्यासाठी ती रडायची का गं?"

"सुरुवातीला. नंतर मीच रडू दिलं नाही."

"बरं केलंस," ती म्हणाली. त्या स्वरात मी राग शोधला. सापडला असता तर बरं झालं असतं.

विमानतळावर मैत्रीचा हात मी तिच्या हातात दिला. दोघी काचेपलीकडे गेल्या, एकमेकींकडे न पाहता, पण एकाच लयीत पावलं टाकत. मी घरी आले, चहा केला, प्यायले.

आता पुण्याहून फोन येतो. मैत्रीचं मराठी स्वच्छ होत चाललंय, आणि माझ्याशी बोलण्यासारखं तिच्यापाशी कमी कमी उरतंय. मी तिला फार वेळ धरून ठेवत नाही. ताईला पाच वर्षं जे ठाऊक असणार, ते मला आता कळतंय: माणूस निघून जातो त्या दिवशी दूर जात नाही. दूर तो नंतर जातो, रोज थोडा थोडा, आपण त्याला आठवत असतानाच.