राखेनं घासलेली सीडी

सलोनीचं आमच्या शाळेतलं सगळं शिक्षण एका सीडीत मावलं होतं. गेली दोन वर्षं मी प्रत्येक मुलाचा संगणकात वेगळा फोल्डर केला होता. चित्रं, फळ्यावरच्या गणितांचे फोटो, वाचनाचे व्हिडिओ, सगळं त्यात. सहकारी हसायचे. "बाई, मुलांच्या लग्नाचा आल्बम करताय काय?" हसा म्हटलं.

सलोनी अडखळत बोलायची. पहिल्या व्हिडिओत नुसते ओठ हलताना दिसतात. शेवटच्यात ती अख्खा धडा वाचते, फक्त मी आणि ती वर्गात असताना. घाटाच्या पायथ्याच्या एका निवासी शाळेत अशा मुलांना बोलायला शिकवतात. तिथं एक जागा होती आणि त्यांनी मुलीचं दोन वर्षांचं काम बघायला मागितलं होतं. जागा मिळाली नाही तर नाना, म्हणजे तिचा बाप, तिला गोव्याला आत्याकडे पोरं सांभाळायला धाडणार होता. होडीवरनं उतरल्या उतरल्या त्यानं तसं मला बजावलं होतं.

खाऱ्या हवेनं शाळेचा संगणक मे महिन्यात मेला. उरली ती एवढी सीडी. मुलाखतीच्या आदल्या दिवशी सलोनीची आई, हिरा, मासळीबाजारातून तडक माझ्याकडे आली.

"बाई, माका ती एक रात देवा. देवाफुडे ठेवन गाऱ्हाणा घालूचा आसा."

देवाला कोण नाही म्हणणार? दिली.

मुलाखतीच्या खोलीत हिरानं नव्या टॉवेलात गुंडाळलेली सीडी काढली. चकचकीत बाजूवर ओरखडेच ओरखडे.

"हिरा, हे काय केलंस?"

"माझ्या हाताक म्हावऱ्याचो वास, बाई. तशी देवाफुडे कशी ठेवतलंय? राखेन घासलंय. कशी लख्ख झाली बघा!"

माझं डोकं असं सटकलं की तिला तिथंच ओरडावंसं वाटलं. पण तिचा चेहरा बघून मी सीडी तिथल्या संगणकात सरकवली. संगणकानं सीडी आत घेतली, घरघरला आणि बाहेर टाकली. पुसून पुन्हा घातली. पुन्हा बाहेर.

निवड समितीचे अध्यक्ष म्हणाले, "मग तूच वाच, बाळ."

सलोनी उभी राहिली. "स... स..." मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. पुढं काही येईना. मी मनात तिच्याबरोबर प्रत्येक अक्षर ढकलत होते. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. "दाखवायला काहीच नसेल, तर आम्ही लिहायचं काय?" त्यांनी पुढच्या मुलाला बोलावलं.

आपण घासल्यानंच सीडी बिघडली, हे बाहेर पायरीवर हिराला कळलं. ती रडली नाही. समुद्राच्या दिशेला तोंड करून तिनं हात जोडले. आमच्याकडे गाऱ्हाणं, म्हणजे देवाला मोठ्यानं घातलेलं साकडं, गुरव नाहीतर मानकरी घालतो. बाईमाणूस असं चव्हाट्यावर घालत नाही. हिरानं घातलं.

"बा देवा म्हाराजा! चूक माझी झाली, ती पोटात घाल रे म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला होकार द्यायला गाव लागतो. इथं कोणीच नव्हतं.

"व्हय म्हाराजा!" सलोनी म्हणाली. खणखणीत.

हिरा थबकली. मग सलोनीनंच हात जोडले. "बा देवा म्हाराजा, माझ्या आवशीचो काय दोष नाय रे म्हाराजा! तिणा माझ्याचसाठी घासल्यान रे म्हाराजा!"

एक अक्षर अडलं नाही. मी धावत खोलीकडे वळले, तर अध्यक्ष दारातच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी त्यांचे पाय धरायचीच बाकी होते.

"छान बोलते की मुलगी!" ते म्हणाले. "बाई, हे रेकॉर्ड करून आणायचं होतंत. आत्ताच तिच्यानंतर आलेल्या मुलाचं नाव त्या जागेसाठी लिहून दिलं."

पायरीवर सलोनी आईचे डोळे पुसत होती. अजून बोलतच होती.