निळ्या दाराचं घर

समजा, तुम्ही शाळेच्या पिवळ्या बसमध्ये खिडकीशी बसला आहात आणि काचेवरचा बर्फ हातमोज्यानं खरवडताय. तेवढ्या गोलातून बाहेर एक बाई दिसते. चाकांवरच्या घरांची तिथं रांग आहे. त्यातल्या एका घराबाहेर ती वाकून बसली आहे आणि केस वाळवायच्या ड्रायरनं गोठलेली पाण्याची नळी शेकते आहे. बस पाहून ती हात हलवते. मागच्या बाकावरचा कोडी ओरडतो,

"ती बघा, नळीचा भांग पाडतेय!"

सगळी बस हसते. तुम्हीही हसता. आणि ती बाई तुमची आई असते.

दहा वर्षांच्या मार्नीनं नेमकं हेच केलं होतं.

नॉर्थ डकोटातल्या त्या गावात तेल लागलं आणि माणसं आली. घरं मात्र होती तेवढीच राहिली. मार्नीचे वडील तेलविहिरीवर, म्हणून आर्कान्सासहून येताना त्यांनी घर गाडीमागे ओढत आणलं. खालून वारा शिरू नये म्हणून आईनं चाकांभोवती गवताचे भारे रचले होते.

शाळेच्या पहिल्या दिवशी व्हर्ननं, म्हणजे ड्रायव्हरनं विचारलं होतं, "तुझं घर कुठलं गं?" मार्नीनं तीन वळणं पुढच्या दुमजली घराकडे बोट दाखवलं. त्याचं दार निळं होतं.

"ते. आजीचं."

तेव्हापासून ती रोज त्या पायऱ्या चढायची, दप्तरात किल्ली शोधल्यासारखं करायची आणि बस वळली की चालत मागे यायची. आईनं एकदा विचारलं, "इथंच का नाही उतरत?" मार्नी म्हणाली, "बसचा थांबा तिकडेच आहे."

आज ती नेहमीसारखी उतरली, पायऱ्या चढली, दप्तर उघडलं. बस हलेना.

"आत जा की, पोरी!" व्हर्ननं हाक दिली. "उणे तीस आहे. तू आत जाऊन दार लागल्याशिवाय मला निघता येत नाही."

अशा थंडीत तिथल्या बसचा हा नियमच. दक्षिणेकडून आलेल्या मुलीला तो कुठून ठाऊक असणार? ती दप्तरात हात फिरवत राहिली. बसच्या काचांवर बर्फ खरवडल्याचा एकेक गोल उमटू लागला.

तेवढ्यात निळं दार आतून उघडलं. जाड स्वेटर घातलेल्या म्हाताऱ्या बाईनं आधी बसकडे पाहिलं, मग मार्नीकडे.

"ये गं, ये आत," ती म्हणाली, आणि बसकडे हात उडवून, "जा रे व्हर्न, आली ही घरी!"

दारामागे पुरुषांच्या बुटांच्या अकरा जोड्या होत्या. दिवाणखान्यात एकावर एक पलंग, आणि त्यांवर पांघरुणाखाली घोरणारी माणसं.

"हळू चाल. रात्रपाळीवाले आहेत."

स्वयंपाकघरात फ्रीज आणि भिंत यांच्या मधे एक खाट होती. कपाटांच्या कड्यांना बाईचे झगे लटकत होते. त्या म्हाताऱ्या बाईनं, मिसेस टॉर्गरसननं, लगबगीनं खाटेवर गोधडी ओढली, मार्नीला खुर्चीत बसवलं आणि लोणीसाखर लावून बटाट्याची पातळ पोळी पुढे ठेवली.

"ऑगस्टपासून बघतेय. रोज माझ्या दारात किल्ली शोधतेस. म्हटलं, एक दिवस सापडेल हिला."

मार्नीनं मान खाली घातली. मग दिवाणखान्याकडे बघत तिनं विचारलं,

"ते सगळे कोण?"

"भाचे." मिसेस टॉर्गरसन खिडकीकडे बघत म्हणाली. "चर्चमध्ये तसंच सांगते. अकरा भाचे! आणि मला ना बहीण, ना भाऊ." ती हसली, पण ते हसू पुरं झालं नाही. "एकटीला या घराचा खर्च झेपेना. आणि त्या बिचाऱ्यांना घर मिळेना. दिले पलंग भाड्यानं."

पोळीची घडी मार्नीच्या बोटांत तशीच राहिली.

"परवा तुझी आई आली होती. नळी गोठलेली, बादलीभर पाणी हवं होतं. विचारत होती, शाळेच्या बसचा थांबा इथंच का."

"मग?"

"मी म्हटलं, हो. इथंच."

"आई काय म्हणाली?"

"काही नाही. उतरताना तुझ्या डोक्यावर टोपी असते का, एवढंच विचारलं."

दुसऱ्या दिवशी थंडी तशीच होती. बस चाकांवरच्या घरांपाशी आली. आई नळीशी वाकली होती. मागून कोडी म्हणाला, "आली बघा केशकर्तनवाली!"

मार्नी उभी राहिली.

"व्हर्न, मला इथं उतरायचंय."

व्हर्ननं आरशातून तिच्याकडे पाहिलं, बस थांबवली आणि दार उघडलं.

आई ड्रायर धरून तशीच उठली. "अगं, इथं कशी? बसचा थांबा तर..."

मार्नीनं टोपी कानांवर ओढली आणि आईच्या हातातून ड्रायर घेतला. मागे बस उभी होती. ती आत जाऊन दार लागेपर्यंत व्हर्नला हलता येणार नव्हतं, हे आता मार्नीला ठाऊक होतं. सगळ्या काचांवर गोल उमटले होते. ती गवताच्या भाऱ्याशी गुडघे टेकून बसली आणि सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नळी शेकू लागली.