सामानाच्या मासिक पाट्या

मासा हा सहकाराचा आत्मा आहे. आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेच्या पोटनियमांत पहिल्याच पानावर हे ठळक अक्षरांत छापलेलं होतं. छापलं तेव्हा पालीच्या तलावात पाणी होतं.

त्र्याहत्तर सालच्या मार्चात तलावात फक्त नाव उरली होती. भेगाळलेल्या तळावर ती सरळ बसलेली, जणू कुणी आत्ताच काठाला लावून चहा प्यायला गेलंय. दुपारी धरणाच्या भिंतीवरून पाहिलं की तळावर ऊन लवलवायचं, बघता बघता त्याचं पाणी व्हायचं आणि नाव तरंगायला लागायची. आपण डोळे चोळायचे. नाव तरंगतच राहायची. नावेत धुळाजी बसलेला असायचा.

धुळाजी भोई आमच्या संस्थेचा चेअरमन. सकाळभर तो आणि त्याची बायको छबुबाई दुष्काळी कामावर मातीच्या पाट्या वाहायचे. दुपारच्या सुट्टीत ती सावली शोधायची आणि हा नावेत जाऊन बसायचा. मी गावच्या शाळेत मास्तर, आणि बी.ए. झालेला दुसरा कुणी गावात नव्हता म्हणून संस्थेचा सेक्रेटरी. कधी कधी मीही नावेत जाऊन बसायचो. वल्ही त्याच्या मांडीवर आडवी असायची.

एकदा विचारलं, "धुळाजी, रोज इथं बसून काय करता?"

"सवय मोडू ने म्हून बसतो," तो म्हणाला. "पानी आलं आन् आमी न्हाई, आसं व्हायला नगं."

पाण्याची काळजी सगळ्या जिल्ह्याला होती. धुळाजीची काळजी वेगळी होती. तलावात मासे धरण्याचा हक्क संस्थेचा, आणि संस्था म्हणजे बारा भोयांची घरं. त्या हक्कापलीकडे त्या घरांकडे जाळी आणि ती नाव एवढंच होतं. आणि त्या साली गावात दुसरी मच्छीमार संस्था निघाली होती. तिचे चेअरमन सुंदरराव. त्यांच्याकडे दीडशे एकर जमीन, एक जीप आणि गळ्यात माळ. सभासद एकवीस; सगळे सुंदररावांचे भाऊबंद, सगळे माळकरी. मासा पाहिला तरी आंघोळ करणारी माणसं. पण माशाला आंघोळीची अडचण नसते आणि नोंदणीला माळेची.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात वरच्या कचेरीचं पत्र आलं. चालू वर्षात संस्थेने मासे धरल्याचे अथवा मत्स्यपदार्थ तयार केल्याचे दिसून येत नाही, सबब तपासणीस अधिकारी येत्या मंगळवारी येतील. काम न आढळल्यास तलावाचा हक्क दुसऱ्या संस्थेस देण्यात येईल. मी ते नावेत बसून मोठ्यानं वाचलं.

"मासे कुठून धरावं?" धुळाजी म्हणाला. "पानी तर दाखव म्हनावं आदी."

"'अथवा' लिहिलंय," मी म्हणालो. बी.ए. झाल्याचा मला एवढाच उपयोग झालेला आहे, की वाक्यातला 'अथवा' चुकत नाही. "मासे धरावेत, अथवा माशाचा पदार्थ करावा. मासा आपल्याच तलावातला असावा असं कुठं म्हटलेलं नाही."

"आन् मासा?"

माशाशिवाय भागेल अशी एखादी सवलत पोटनियमांत सापडते का, हे बघायला आम्ही संस्थेच्या खोलीवर गेलो. पोटनियमांची पुस्तिका वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर एक डबा ठेवलेला होता. मी डबा उचलला, पुस्तिका घेतली, आणि डबा परत ठेवता ठेवता आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचलं.

या डब्यांची हकीकत अशी. दुष्काळी मदतीच्या ट्रकनं दोन महिन्यांपूर्वी आमच्या खोलीत एक खोकं उतरवलं होतं. कुठल्याशा थंड देशातल्या दयाळू लोकांनी ते पाठवलेलं. सोबतच्या कागदावर आधी इंग्रजीत 'सालमन' असं लिहिलेलं असणार. पण वरच्या कचेरीत एक दक्ष कारकून होता. परक्या लोकांना मराठी शब्द नीट लिहिता येत नाहीत, याची त्याला जाणीव होती. त्यानं स्वतःच्या अक्षरात दुरुस्ती करून आम्हाला कागद पाठवला: 'सामान, डबे अठ्ठेचाळीस.' सामान आलं, सामान ठेवून घेतलं. सामान खायला वाटता येत नाही. तेव्हापासून चार डबे कपाटाच्या पायांखाली होते, एक दाराला अटकाव म्हणून, एक पोटनियमांवर, आणि बाकीच्यांची उतरंड भिंतीशी.

डब्यावर माशाचं चित्र होतं, हे खरं. पण चित्रावर कोण विश्वास ठेवतो? काडेपेटीवर घोडा असतो.

"धुळाजी," मी म्हणालो, "सामान नाही. सालमन आहे. मासा आहे हा."

त्यानं डबा दोन्ही हातांत घेतला. मला वाटलं, मासा बघतोय. तो धबधबा बघत होता. चित्रात पांढरंशुभ्र पाणी वरून कोसळत होतं आणि एक गुलाबी पोटाचा मासा उसळी मारून त्याच्यातून वर निघाला होता.

"ह्यो उलटा कावून चाललाय?"

डब्याच्या बाजूला बारीक अक्षरांत सगळं दिलेलं होतं. मी सांगितलं: हा मासा नदीत जन्मतो, मोठेपणी समुद्रात जातो, आणि शेवटी धबधबे चढत चढत जिथं जन्मला तिथंच परत येतो.

"समुद्रातून?"

"समुद्रातून."

धुळाजी जमिनीवर बसला. बोटानं फरशीवरच्या धुळीत एक रेघ ओढत गेला. "समुद्र. मंग गोदावरी. मंग मांजरथाला सिंदफना. सिंदफनंतून बिंदुसरा. आन् बिंदुसरंतून आपलं तळं..." बोट कपाटाच्या पायाशी येऊन थांबलं. तिथं चार डबे होते. "आलाच की हो मास्तर. वाट पुसत आलाय."

सोमवारी दुपारी छबुबाईच्या परसात पाककृती झाली. कृती डब्यावरच छापलेली होती. मी वाचायचो, ती करायची, धुळाजी डबा धरून चित्र बघत बसायचा. डबा विळीच्या टोकानं उघडला. आत गुलाबी मांसाचे गोल तुकडे, मण्यांसारखी मऊ हाडं, आणि वास. छबुबाईनं नाक जवळ नेलं, डोळे मिटले आणि तशीच राहिली.

"मरळ न्हाई," ती म्हणाली. "कटला न्हाई, वांब न्हाई. पन मासा हाय. लई लांबचा हाय."

"हाडं काढू नका," मी वाचलं. "बोटांनी चुरा. मग पावाचा चुरा घाला."

"पाव कुठं हाय? रेशनच्या लाल मिलो जवारीची भाकर हाय, कालची."

भाकर चुरली. एक अंडं लागणार होतं. ते शेजारच्या गीताबाईच्या कोंबडीनं दिलं, म्हणजे गीताबाईनं दिलं आणि कोंबडीची परवानगी नंतर घेतली. मदतीची दूध-पावडर घातली, कांदा घातला, आणि छापील कृतीत नसलेलं येसर, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याचं पीठ, छबुबाईनं चिमूटभर घातलं. "तिकडच्या लोकायला ठाव नसंल," ती समजुतीनं म्हणाली.

"आता याच्या पॅटी करायच्या."

"पाट्या?"

"पाट्या नाही, पॅटी. चपट्या, गोल."

"दिसभर पाट्या वाहायच्या आन् घरी येऊन पाट्या खायच्या," छबुबाई म्हणाली. "बरं हाय की. काम लक्षात राहील."

"ओव्हन तीनशे पंच्याहत्तर अंशांवर तापवा," मी वाचलं.

धुळाजीनं पहिल्यांदा डब्यावरून नजर काढली. "तीनशे? हितं चाळीसला मानूस शिजायलाय."

ते अंश निराळे असतात हे मला नंतर कळलं. तेव्हा छबुबाईनंच मार्ग काढला. करडईचं तेल बुधलीच्या तळाला चिकटण्यापुरतंच उरलेलं, त्यामुळे तळण्याचा प्रश्न नव्हता. खापराला बोटानं तेल फासलं, वड्या मांडल्या, वर मातीचं झाकण, खाली निखारे आणि झाकणावरही निखारे. एकदा उलटायच्या. मग आम्ही भिंतीला टेकून बसलो.

तो वास कसा सांगावा? पालीपासून समुद्र किती लांब आहे, हे भूगोलाच्या तासाला मी मुलांना आकड्यात सांगतो. त्या दुपारी तो आकडा चुकला. झाकणाच्या कडेनं वास बाहेर आला, परसातून रस्त्यावर गेला, आणि कामावरून परतणारी माणसं रिकाम्या पाट्या डोक्यावर तशाच ठेवून कुंपणाशी उभी राहिली. कुणी काही विचारलं नाही. कसला तरी आवाज दुरून येतोय आणि तो ऐकू यावा म्हणून गप्प राहायचं, तशी सगळी उभी होती. मलाही तो ऐकू आला. पाणी वरून खाली पडतंय आणि कुणीतरी खालून वर चाललंय. बहुतेक निखारे फुटत असावेत.

मंगळवारी शंकरप्पा साहेब आले. तपासणीस अधिकारी, कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, हातात पेन. सरळ माणूस. त्यांच्या पाठोपाठ सुंदररावांची जीप आली. हरकत घ्यायला आले होते.

छबुबाईनं परसातच ताटात वड्या मांडल्या. ताज्या भाजलेल्या चोवीस. कडा तांबूस, वर बारीक भेगा. तलावाच्या तळासारख्याच, पण भाजल्यावर बऱ्या दिसणाऱ्या.

"हे काय?" शंकरप्पांनी विचारलं.

"मत्स्यपदार्थ," मी म्हणालो. "सालमन माशाच्या पॅटी."

"बे धुळ्या," सुंदरराव म्हणाले, "साहेबाला येडं समजतो काय? तळ्यात चिमनी बुडाया पानी न्हाई, आन् मासा कुठून आनला? हे बेसन हाय साहेब. बेसनाच्या वड्या हायत."

धुळाजी उभा होता. हात ताटाच्या दिशेला जरासे पुढे, पाण्यात जाळं टाकल्यावर धरतात तसे. "मालक, मासाच हाय. लांबून आलाय. तळं आमच्यासंगं ऱ्हायलं न्हाई तर त्यो पुढच्या बारीला कुनाकडं येईन?"

शंकरप्पांनी पेनाचं टोपण काढलं आणि थांबले. "मासा आहे असं मी लिहिणार कसं? मला चव घेता येत नाही, आणि नुसत्या वासावर सरकारी शेरा मारता येत नाही." त्यांनी प्रामाणिकपणे इकडेतिकडे बघितलं. "हरकत तुमची आहे, सुंदरराव. बेसन आहे म्हणता, तर मग तुम्हाला खायला काय अडचण?"

सुंदररावांचा हात माळेकडे गेला. मग ताटाकडे. बेसन आहे असं दहा माणसांसमोर म्हणून झालं होतं.

त्यांनी एक तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. जबडा दोनदा हलला, मग सावकाश. नजर आमच्यावरून निघून परसाच्या कुंपणावर गेली, कुंपणावरून धरणाकडे, आणि तिथून कुठं गेली ते कळलं नाही. माळ त्यांनी मुठीत धरली होती. मूठ हळूहळू सुटली. उरलेली वडी संपली. दुसरी संपली. परसात कुणी हललं नाही.

"काय आहे?" शंकरप्पांनी विचारलं.

"मासा हाय," सुंदरराव स्वप्नात बोलावं तसं म्हणाले. "लई ग्वाड हाय." आणि थोड्या वेळानं, "ठिवल्यात का अजून?"

शंकरप्पांनी तिथंच बसून, आमच्यासमोर, सुवाच्य अक्षरांत शेरा लिहिला. मी खांद्यावरून वाचला: 'संस्थेने सालमन माशाच्या पॅटी, नग २४, तयार केल्याचे प्रत्यक्ष पाहिले. हरकतदाराने स्वतः खात्री केली. संस्थेचे काम चालू आहे.' खाली सही. धुळाजीनं शेऱ्याकडे पाहिलं. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं कागदाला हात लावला. मग तो तलावावर गेला. मी धरणाच्या भिंतीवर जाऊन पाहिलं. नाव तरंगत होती, आणि त्या दिवशी मी डोळे चोळले नाहीत.

शेरा टाइप होण्यासाठी वरच्या कचेरीत गेला. तिथं तोच दक्ष कारकून होता. सालमन म्हणजे सामान, हे त्याला आता अनुभवानं माहीत झालेलं. पॅटी असा शब्द नाही, पाटी असा आहे, आणि दुष्काळात सगळीकडे पाट्यांचीच मागणी होती. 'माशाच्या' हा शब्द पाट्यांपुढे त्याला बरोबर वाटला नाही. तिथं 'मासिक' हवं, हे कुणालाही समजलं असतं. मे महिन्यात आदेश आला: 'संस्था सामानाच्या मासिक पाट्या, नग २४, तयार करीत असल्याचे आढळले. हरकतदाराने स्वतः खात्री केली. सबब संस्थेची नोंद पाटी उत्पादक म्हणून कायम करण्यात येत असून तलावाचा हक्क मच्छीमारी करणाऱ्या दुसऱ्या संस्थेस देण्यात येत आहे.'

मी तीन अर्ज केले. तिन्ही अर्जांत सालमन, मासा आणि पॅटी हे शब्द होते. तिन्हींना उत्तर आलं की सामान, मासिक आणि पाटी यांबाबत पूर्वीच आदेश झालेला आहे.

पुढच्या वर्षी तलाव भरला. सुंदररावांच्या संस्थेनं त्यात कटल्याचं बीज सोडलं. धरलेले मासे बाजारात न्यायला त्यांना पाट्या लागतात. त्या धुळाजी विणतो, महिन्याला चोवीस.