शांत लेकराचा पाळणा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पाळणा आहे. तुमसर तालुक्यात चिखला नावाचं गाव आहे. तिथं मॅंगनीजच्या खाणीत काम करणाऱ्या माणसांची वस्ती आहे. त्या वस्तीत तेजराम आणि सत्यभामा यांच्या घरी माझं आयुष्य गेलं. पाळण्याने अंगाई सांगावी अशी तुमची अपेक्षा असेल. मला मात्र दुसरंच काही सांगायचं आहे, आणि ते सांगताना माझ्या फळ्या आजही जड होतात.

तेजराम खाणीत उतरणारा मजूर होता. घरात पहिलं बाळ येणार म्हणून त्याने ईश्वर मिस्त्रीकडून मला करून घेतलं. मिस्त्रीने सागाच्या फळ्यांवर इतका रंधा मारला की बाळाच्या बोटात कुसळ जाण्याची भीती राहिली नाही. दोन्ही बाजूंना त्याने हिरवे पोपट रंगवले. मग लोखंडी साखळ्यांनी मला मधल्या खोलीत टांगलं गेलं. माझ्यात पहिला झोपला तो विनोद. तो भुकेला झाला की सगळ्या वस्तीला कळायचं.

विनोदनंतर मुलगी झाली. ती फारशी रडत नसे. बायका वाकून पाहायच्या आणि म्हणायच्या की लेकरू लय गुणाचं आहे, पाळणा हलवला की गप्प होतं. सत्यभामा अशक्त होती. तिला उठून बसतानाही भिंतीचा आधार लागायचा. बाळंतिणीचं असंच असतं, असं सगळे म्हणत. एका दुपारी ती मुलगी माझ्यात झोपली, ती उठलीच नाही. लोक म्हणाले, तिचं आयुष्यच तेवढं होतं. सत्यभामेने मला पुसून ठेवलं आणि त्या मुलीचं नाव घरात पुन्हा कुणी काढलं नाही.

त्यानंतर मी वस्तीतल्या घराघरांत फिरलो. ज्या घरी बाळ यायचं, त्या घरचे लोक मला मागून न्यायचे. तेजरामच्या पाळण्यात लेकरू शांत राहतं, अशी माझी ख्याती झाली होती. ती ऐकून मला अभिमान वाटायचा. हळूहळू लोकांनी दुकानातले झुले आणले. मी मागच्या खोलीत पडून राहिलो. खाणीची काळी धूळ पोपटांवर इतकी बसली की ते कावळे वाटू लागले.

मग विनोदचं लग्न झालं. तो मॅंगनीजच्या ट्रकवर चालक होता. शहापूरकडून खुशबू सून म्हणून आली. ती हसरी होती, कामाला चपळ होती. तिला दिवस गेले तशी ती दमू लागली. पाणी भरून आली की दाराशीच बसायची. गावच्या आशा कार्यकर्त्या शोभाताई तिच्या पापण्या खाली ओढून पाहत आणि रक्त कमी आहे, गोळ्या घे, नीट खा, असं सांगून जात. खुशबू सगळ्यांच्या शेवटी जेवायची. मित्रांनो, त्या घरात तिला कुणी उपाशी ठेवत नव्हतं. तिच्या ताटात कुणी पाहतच नव्हतं.

दवाखान्यात तिला मुलगी झाली. मायलेकी घरी येणार म्हणून सत्यभामेने मला घासून धुतलं. पोपट पुन्हा हिरवे दिसले. मला फार आनंद झाला.

सत्यभामा सुनेला जीव लावायची, हे मी शपथेवर सांगेन. पहाटे उठून ती तिला तेल लावायची, शेक द्यायची. पण खायला मात्र भाताची पातळ पेज, आणि पाणी घोटभर. जास्त पाणी प्यायलं की बाळंतिणीचं पोट सुटतं, जड अन्न बाळाला बाधतं, असं तिच्या सासूने तिला शिकवलं होतं. खुशबूने एकदा हळूच म्हटलं की भूक लागते, दूधही येत नाही. सत्यभामा म्हणाली की येईल, घाई करू नये. मग तिने माझी दोरी ओढली. मी हललो आणि बाळ गप्प झालं.

शोभाताई बाळाला पाहायला आल्या तेव्हा सत्यभामा दारातच उभी राहिली.

“लेकरू आत्ताच झोपलं, ताई. उठवू नोका.”

शोभाताई परत गेल्या. पुन्हा आल्या तेव्हाही तिने त्यांना तसंच परत पाठवलं. बाळ खरोखरच झोपलेलं होतं. ते जवळजवळ दिवसभर झोपत होतं. शेजारणी पुन्हा माझं कौतुक करू लागल्या होत्या. माझ्या अंगावर मात्र त्याचं वजन पडत नव्हतं. दिवसेंदिवस ते हलकं होत होतं आणि ते फक्त मला जाणवत होतं. मी लाकूड होतो. कुणी दोरी ओढली की मी हलत होतो, एवढंच.

शोभाताई पुन्हा आल्या. त्यांचा आवाज ऐकून खुशबू स्वतःच खाटेवरून उठली. तिला त्यांना आत बोलवायचं होतं. उंबऱ्यापाशी पोहोचली आणि तिथंच कोसळली. शोभाताईंनी तिला सावरून निजवलं. मग त्या माझ्याकडे वळल्या. त्यांनी बाळाच्या तळपायाला टिचकी मारली. बाळाने ओठ हलवले. आवाज आला नाही.

“हे झोपलं नाही, काकू,” शोभाताई म्हणाल्या. “याच्यात रडाची ताकद राहिली नाही.”

शोभाताईंच्या फोनवर दवाखान्याची गाडी आली. मायलेकींना तुमसरला नेलं. शोभाताई सोबत गेल्या आणि विनोद ट्रक सोडून तिकडेच धावला. घरात सत्यभामा राहिली. ती माझ्या काठावर हात ठेवून बसली होती. तेजराम आला तेव्हा तिने मान वर केली नाही.

“आपली पोरगी बी अशीच होती,” ती म्हणाली. “तवा मी बी पेजच पेत होती.”

तेजराम तिच्या शेजारी खाली बसला.

“मले बी तेच आठवून राहिलं,” तो म्हणाला.

इतक्या वर्षांनी त्या घरात त्या मुलीचा विषय निघाला होता. मला वाटलं, माझ्या साखळ्या तुटाव्यात.

दवाखान्यात खुशबूला रक्त चढवलं. बाळाला उबेत ठेवलं, चमच्याने दूध पाजलं, आणि जरा सावरल्यावर आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवलं. हे सगळं मला विनोदच्या बोलण्यातून कळलं. सत्यभामा रोज वरण, भात, मेथीची भाजी आणि उकडलेली अंडी घेऊन बसने तुमसरला जायची. घरी आली की स्वतःच्या ताटावर मात्र नुसती बसून राहायची.

मायलेकी घरी आल्या त्या दिवशी तिने खुशबूला सगळ्यांच्या आधी वाढलं आणि समोर बसली.

“मी तुले उपाशी ठेवलं, बेटा. मले समजलंच नाही.”

खुशबूने घास खाली ठेवला.

“मी सांगतलं होतं, आई. भूक लागते म्हणून.”

सत्यभामेने तिच्या ताटात आणखी वरण वाढलं. थोड्या वेळाने खुशबू पुन्हा जेवू लागली. आजही ती सासूशी बेताचंच बोलते. पण बाळाला निर्धास्तपणे तिच्या मांडीवर देते.

सत्यभामेला मला फोडून जळणात घालायचं होतं. तेजरामने कुऱ्हाड काढून घेतली आणि म्हणाला की दोष लाकडाचा नाही. त्याने मला माफ केलं, पण मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

अलीकडेच शेजारच्या गुलाबबाईंनी नातवासाठी मला मागून नेलं. माझ्या मागोमाग सत्यभामाही तिथं आली. आता ती रोज येते. बाळ निजलेलं असलं तरी ते दूध प्यायलं का ते विचारते, नसेल तर उठवून आईच्या हातात देते. मग गुलाबबाईंच्या चुलीपाशी जाते, सुनेसाठी काय शिजलं आहे ते झाकण काढून पाहते. गुलाबबाईंना ते आवडत नाही. सत्यभामा त्याची पर्वा करत नाही.

मित्रांनो, घरात नवं बाळ आलं की तुम्ही पाळण्याची दोरी ओढायला धावता. जरूर ओढा. पण त्याआधी बाळाच्या आईजवळ जा आणि तिला विचारा, “तू जेवलीस का?” मला ते विचारता आलं नाही. तुम्हाला येईल.