रिकामा राहिलो आणि शाबासकी मिळवली

मित्रांनो, मी एक जुना सापळा आहे. उंदीर पकडणारा नव्हे. तेवढा रुबाब माझ्या नशिबी नाही. मी मक्यातले पतंग पकडतो. वर झाकण, खाली प्लास्टिकची लांब पिशवी आणि झाकणाखाली रबराची इवलीशी गोळी, एवढाच माझा संसार. त्या गोळीला पतंगाच्या मादीचा वास असतो. माणसांना तो कळत नाही, पण नर पतंग त्याच्या नादाने येतात आणि पिशवीत पडतात.

मला वहिनींनी आणले. त्यांच्या चाळीस कोंबड्यांचे पोट या मक्यावर होते. धाकटे दीर दर आठवड्याला औषध फवारायचे म्हणत होते. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, उगाच कशाला विष मारायचं? सापळ्यात पतंग वाढले की फवारू." भाऊजींनी ऐकले.

पहिल्या आठवड्यात तीन पतंग सापडले. पण वहिनी भारी टापटिपीच्या! माझ्यावर धूळ बसलेली पाहून त्यांनी मला घासूनपुसून लख्ख केले. गोळीसुद्धा साबणाने चोळून धुतली. माझा वासच गेला.

मग पतंग माझ्या शेजारून खुशाल उडत जाऊ लागले. वहिनी रोज पिशवी बघून म्हणत, "बघा भाऊजी, एकही नाही! गुणाचा आहे हो माझा सापळा." खरे सांगू? मला ते ऐकायला आवडायचे. मी वाऱ्यावर ऐटीत डोलायचो. आज ते आठवले की मान वर होत नाही.

तीन आठवड्यांनी भाऊजींनी मक्याची मधली गुंडाळलेली पाने उलगडली. आत त्याच पतंगांच्या अंड्यांतून निघालेली लठ्ठ अळी आणि भुशासारखी घाण. शेजारच्या रोपातही तेच. मग त्यांनी माझे झाकण उघडून ती लख्ख गोळी निरखून पाहिली.

"वहिनी, गोळी धुतलीत का तुम्ही?"

"धूळ होती हो तिच्यावर," वहिनी म्हणाल्या आणि रडूच लागल्या.

भाऊजी रागावले नाहीत. "मी तरी कुठे पानं उघडून बघितली?" एवढेच बोलले.

फवारणीची वेळ टळून गेली होती. अर्ध्याहून जास्त पीक गेले. अठ्ठावीस कोंबड्या दुसऱ्यांना द्याव्या लागल्या. त्यांच्या टोपल्या माझ्यासमोरूनच गेल्या. चूक वहिनींची होती, पण शाबासकी मी घेतली होती.

आता माझ्यात नवी गोळी आहे. वहिनी तिला हात लावत नाहीत, बदलायची तारीख लिहून ठेवतात आणि रोज पानेही उघडून बघतात. मित्रांनो, सापळा रिकामा दिसला तर लगेच खूश होऊ नका. आधी त्यालाच तपासा.

परवा माझ्या पिशवीत अकरा पतंग निघाले. वहिनींचा चेहरा पडला. शाबासकी काही मिळाली नाही. मला मात्र कितीतरी दिवसांनी हलके वाटले.