घरच्या माणसासाठी उघडलेलं कुलूप

हिसका देऊन बघू नका, मी नीट लागलेलो आहे. कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायची माणसांना खोडच असते. माझं सगळं आयुष्य असे हिसके खाण्यात गेलं. आता अंगावर गंज चढलाय आणि बोलायचाही कंटाळा येतो, पण विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो.

मी अलीगढचा. नाशकात द्वारका चौकाजवळच्या एका दुकानात टांगलेला होतो. नव्वदच्या दशकात लताबाईंनी मला विकत घेतलं. घरच्या मारहाणीला कंटाळलेल्या बायकांसाठी त्या सल्ला केंद्र चालवायच्या. अशी बाई आधी दवाखान्यात जायची, मग केंद्रात, मग निवारागृहात, आणि प्रत्येक ठिकाणी तिला आपली कर्मकहाणी पहिल्यापासून सांगावी लागायची. "एकदा रडली तेवढं पुरे," लताबाई म्हणाल्या. म्हणून तिन्ही संस्थांनी मिळून पत्र्याची एक पेटी केली. पेटीत बायकांचे कागद, पेटीला मी, आणि प्रत्येक संस्थेकडे एक किल्ली. रिक्षातून पेटी या दारची त्या दारी फिरायची. नियम असा होता, की माहिती परक्याला द्यायची नाही, फक्त घरच्या माणसालाच सांगायची.

नियम चांगल्या मनाने केला होता. बाईला आई असते, भाऊ असतो, त्यांचा जीव टांगणीला लागू नये, एवढाच विचार.

मग निफाडकडची सरिता आली. डोक्याला टाके, हाताशी लहानगी रोशनी. "नवऱ्याला पत्ता कळू दिऊ नका," एवढंच तिने लताबाईंकडे मागितलं. लताबाईंनी मान डोलावली. कागदावर मात्र ते कुणी उतरवलं नाही. निवारागृहाचा पत्ता तेवढा उतरला.

पेटी दवाखान्यात गेली. तिथली किल्ली नवनाथ कारकुनाकडे असे. माणूस देवभोळा, लेकुरवाळा. एक दिवस सरिताचा नवरा किशोर त्याच्यासमोर येऊन बसला. इस्त्रीचा शर्ट, हातात पोरीचं स्वेटर.

"निफाडची थंडी तुम्हाला ठावं हाय, साहेब. पोरगी तशीच गेली."

नवनाथचे डोळे भरून आले. "घरचाच माणूस आहे," असं पुटपुटत त्याने किल्ली काढली.

किल्ली खरी होती. मी उघडलो. चोर असता तर दात घट्ट आवळून बसलो असतो, पण घरच्या माणसापुढे माझं काय चालणार?

किशोर भावांना घेऊन निवारागृहात गेला आणि मायलेकींना घेऊन आला. कागदावर 'समेट' असा शेरा पडला. किशोरने आणलेला पेढा नवनाथने खाल्ला आणि संसार सावरला म्हणून देवाला हात जोडले.

उन्हाळ्यात सरिता पुन्हा केंद्राच्या दारात उभी राहिली. हात प्लास्टरमध्ये. लताबाईंनी तिला जवळ बसवलं. "बोल बाई. कुणाला कळणार नाही. हे बघ, कुलूप आहे."

सरिता माझ्याकडे बघत राहिली. "तवा बी व्हतंच की," ती म्हणाली.

आयुष्यात इतके हिसके खाल्ले, पण तसा कधी लागला नाही. सरिता उठली. पाणी प्यायली, रोशनीचं बोट धरलं आणि निघून गेली. कुठे गेली, जगली-वाचली का, कुणालाच ठाऊक नाही.

लताबाईंनी त्याच दिवशी नियमातून 'घरचा माणूस' हे शब्द खोडले. कुणाला सांगायचं ते आता बाईलाच विचारतात. पुढे संगणक आले. नव्या तेजलताई पासवर्ड का काय ते टाकतात आणि मी जुन्या पेटीवर गंजत बसलोय. निवृत्त झालेला नवनाथ अधूनमधून येतो. "तिचं काही कळलं का?" असं विचारतो आणि उत्तराची वाट न बघता निघून जातो. त्याचा मला राग येत नाही. आता रागही पेलवत नाही.

तेजलताई, तुमचा पासवर्डही माझ्याच जातीचा. खरी किल्ली फिरली की आम्हाला नाही म्हणता येत नाही. ते तुम्हीच म्हणायचं असतं.